पोलादी सांगाड्याचे अग्निसंरक्षण : या चुका टाळा

पोलाद जळत नाही, म्हणून पोलादी सांगाड्याच्या इमारतीला आगीचे फारसे भय नाही, हा समज आजही बांधकामाच्या बैठकांमध्ये ऐकू येतो. पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश सेल्सिअस तापमान लागते हे खरे. पण इमारत कोसळण्यासाठी ते वितळावे लागतच नाही. साधारण 400 अंशांनंतर त्याची ताकद उतरू लागते आणि 600 अंशांच्या आसपास ती निम्म्याहून कमी उरते. प्रमाणित अग्निचाचणीत तर भट्टीचे तापमान अर्ध्या तासातच 840 अंशांवर जाते. पोलादावर चढवलेले संरक्षक आवरण आग विझवत नाही. माणसे बाहेर पडेपर्यंत आणि अग्निशमन दलाचे जवान काम करत असेपर्यंत ते पोलादाचे तापणे लांबवते.

दुसरी चूक अनुभवी अभियंत्यांकडूनही होते. सगळे लक्ष ताकदीवर राहते आणि प्रसरणाचा विचार सुटतो. 10 मीटर लांबीची तुळई 500 अंशांपर्यंत तापली, तर ती सहा-सात सेंटीमीटरने वाढू पाहते. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या संकुलातील 47 मजली सातवी इमारत कोसळली, तिच्यावर विमान आदळलेले नव्हते. खालच्या मजल्यांवरील स्प्रिंकलरना (आगीत आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्यांना) पाणी मिळाले नाही आणि आग तासन्‌तास धुमसत राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2008 मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, तापून लांबलेल्या तुळयांनी एका मुख्य गर्डरला (इतर तुळयांना आधार देणाऱ्या मोठ्या तुळईला) त्याच्या बैठकीवरून ढकलले. मग मजले एकावर एक पडले, 79 क्रमांकाच्या खांबाचा आधार सुटला आणि तो वाकला. तुळयांवर संरक्षक आवरण होते, तरीही हे घडले. भट्टीत एकेकटी तपासलेली तुळई सांध्यांचे वर्तन सांगत नाही, म्हणून सांध्यांचा आणि प्रसरणाचा विचार आराखड्यातच व्हायला हवा.

फुगणाऱ्या अग्निरोधक रंगाबाबतच्या चुका सर्वाधिक आढळतात. हा रंग उष्णतेने फुगून मूळ जाडीच्या कितीतरी पट जाड, फेसासारखा थर तयार करतो. सगळीकडे त्याची एकच जाडी देणे चुकीचे आहे. दोन्ही बाजूंनी तापणारी 10 मिलिमीटर जाडीची पट्टी 40 मिलिमीटर जाडीच्या पट्टीपेक्षा फार लवकर तापते, कारण वस्तुमानाच्या मानाने तिचा उघडा पृष्ठभाग चौपट असतो. बारीक भागांना जाड थर लागतो, हे ठेकेदाराला अनेकदा उलटे वाटते. याशिवाय गंजलेल्या पृष्ठभागावर किंवा न जुळणाऱ्या प्रायमरवर (रंगाखालच्या अस्तरावर) रंग मारणे, ओल्या रंगाची जाडी पाहून समाधान मानणे आणि वर कोणताही सजावटी रंग चढवणे, या तिन्ही गोष्टींमुळे ऐन वेळी थर सुटू शकतो किंवा नीट फुगत नाही. सुकलेल्या थराची जाडी मोजून नोंदवावी.

काम उत्तम झाले तरी पुढे विजेचे, वातानुकूलनाचे आणि पाइपांचे कारागीर येतात. क्लॅम्प बसवण्यासाठी ते फवारलेले आवरण खरवडतात आणि मग छताखालच्या पॅनेलआड ती उघडी जागा कायमची झाकली जाते. माझ्या मते, छत बंद करण्याआधीची पाहणी ही साऱ्या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे.

इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे 1990 च्या दशकात आठ मजली इमारतीवर झालेल्या चाचण्यांमध्ये असंरक्षित तुळया प्रचंड तापूनही मजले टिकले. त्याचा आधार घेऊन औद्योगिक शेडचे संरक्षण वगळणे ही मोठी गफलत आहे. तिथे खांब संरक्षित होते आणि तुळयांशी एकजीव झालेल्या काँक्रीटच्या स्लॅबने भार वाटून घेतला होता. पत्र्याच्या छपराच्या शेडमध्ये असा स्लॅबच नसतो. भारतात आयएस 800:2007 या पोलादी बांधकामाच्या मानकातील अग्निरोधाचे प्रकरण आणि राष्ट्रीय इमारत संहिता यांनुसार प्रत्येक इमारतीचा स्वतंत्र हिशेब मांडावा. वापर बदलला की तो पुन्हा तपासावा. तेहरानची 17 मजली प्लास्को इमारत जानेवारी 2017 मध्ये आगीत कोसळली आणि अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात गेले. कपड्यांच्या कारखान्यांनी ती भरलेली होती.

आगीनंतर काळवंडलेले सगळे पोलाद मोडीत काढणे हीदेखील चूकच आहे. सरळ राहिलेले साधे पोलाद थंड झाल्यावर बहुतेक ताकद परत मिळवते. मात्र मोजमाप आणि कठीणतेची चाचणी केल्याशिवाय ते वापरू नये आणि तापलेले उच्चशक्तीचे बोल्ट बदलूनच टाकावेत.