दोन घरांच्या बोळातला स्नो: अरुंद ड्राइव्हवेवर स्नोब्लोअर कसा चालवायचा

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोच्या जुन्या भागात घरं इतकी चिकटून आहेत की ड्राइव्हवे म्हणजे दोन घरांमधला बोळच, पुण्यातल्या पेठांमध्ये असतो तसा. आमचा साधारण ९ फूट रुंद आणि ६० फूट लांब, एका अंगाला आमची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजारच्यांची, मागे गॅरेज नि थोडं अंगण, पुढे रस्त्यालगत टीचभर लॉन. स्नोब्लोअरच्या व्हिडिओत जो माणूस ऐटीत डावीकडे उजवीकडे स्नो उडवत फिरतो ना, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान असतं, आपल्याकडे भिंती असतात. स्नो उचलून फेकायचं काम हे मशीन करतं हो, पण टाकायचा कुठे हे आपणच ठरवायचं, आणि बोळात अर्ध्याहून जास्त डोकं तिथेच खर्च होतं.

आधी किती माल हलवायचाय ते बघा. १० इंच कोरडा भुसभुशीत स्नो वितळवला तर ढोबळमानाने १ इंच पाणी होतं. ९ बाय ६० म्हणजे ५४० चौरस फूट, त्यावर १ इंच पाणी म्हणजे ४५ घनफूट, म्हणजे जवळजवळ १२७० किलो. सव्वा टन! आणि हा हलका स्नो झाला, ओला असेल तर दुप्पटही होतो. बफलोत हिवाळ्यात सरासरी ९५ इंचांच्या आसपास पडतो, त्यात ईरी लेक गोठेपर्यंत जास्त भीती, कारण गरम पाण्यावरून थंड वारा आला की वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आणून ओततो. नोव्हेंबर २०२२ ला बफलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कात एका झटक्यात ८० इंचांच्या वर पडला होता. असं काही पडलं तर ब्लोअरबिअर विसरा, ड्राइव्हवेचं तोंड उघडायलाच फावडं लागतं. मी सांगतोय ते ४ ते १५ इंचांच्या रोजच्या रडगाण्याबद्दल.

मशीन कुठलं घ्यायचं यावर लोक भांडतात, मी थोडक्यात सांगतो. सिंगल स्टेजमध्ये रबराची पाती जमिनीला घासून स्नो उचलतात आणि तीच फेकतात, हलकं मशीन, वळवायला सोपं, ६-८ इंचांपर्यंत झकास. टू स्टेजमध्ये पुढे लोखंडी स्क्रू असतो त्याला ऑगर म्हणतात, तो स्नो आत ओढतो आणि मागचा पंखा चूटमधून, म्हणजे वरच्या वळवता येणाऱ्या नळीतून, लांब फेकतो, ३०-४० फूट आरामात. बोळात लांब फेकता येणं ही चैन नाही, गरज आहे, म्हणून मी टू स्टेज घेतला, पण २४ इंची, म्हणजे एका फेरीत तेवढी रुंद पट्टी कापणारा. एका मित्राने "कमी फेऱ्या लागतील" म्हणून ३० इंची घेतला, आता तो बोळात वळवताना भिंतीची साइडिंग खरवडतो आणि बायकोचं ऐकतो. घ्यायच्या आधी ड्राइव्हवेची सगळ्यात चिंचोळी जागा टेपने मोजा, चिमणी बाहेर आलेली असते, साइडच्या दाराची पायरी असते, गॅस मीटर असतो. २४ इंचीला ९ फुटात पाच फेऱ्या लागतात, थोडं एकावर एक चढवून धरलं तर. बॅटरीवालेही आता चांगले आलेत, ६० फुटाला पुरतात, फक्त बॅटरी घरात ठेवायची, गॅरेजात गारठली तर अर्ध्यात मान टाकते.

आता ऑक्टोबरातली कामं. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकत्या काड्या रोवा, कारण स्नो पडल्यावर लॉन कुठे संपलं नि डांबर कुठे सुरू झालं हे कोणालाच कळत नाही. पाण्याचा पाइप, पायपुसणं, पोरांची खेळणी, सगळं उचला. आणि वायरी!! आमच्याकडे दिवाळीचा कंदील साइडच्या दारावर होता, त्याची एक्स्टेंशन कॉर्ड भिंतीच्या कडेने गॅरेजपर्यंत नेलेली, तुळशीच्या लग्नापर्यंत राहू दे म्हणून ठेवली आणि मधेच पहिला स्नो पडला. पुढे काय झालं ते सांगायला नको, कॉर्ड ऑगरला अशी गुंडाळली गेली की कटरने तुकडे तुकडे करून काढायला दीड तास, ते पण उणे ६ सेल्सिअसमध्ये बोटं बधिर होत असताना. सकाळी टाकलेला पेपरही तसाच, स्नोखाली दिसत नाही आणि आत गेला की लगदा होऊन घट्ट बसतो.

त्याच वेळी मशीनच्या खालच्या स्किड शूज बघून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंची घसरणारी पट्टी. गुळगुळीत डांबर असेल तर खालची पाती जमिनीपासून अगदी पाव इंचभर वर पुरते, पुठ्ठ्याचा तुकडा खाली सरकवून स्क्रू आवळायचे, झालं. पण जुन्या घरांत दोन सिमेंटच्या पट्ट्या आणि मधे गवत किंवा खडी असा ड्राइव्हवे असतो, तिथे इंचभर तरी वर ठेवा. खडी आत गेली की चूटमधून गोफणीतल्या दगडासारखी सुटते आणि समोर शेजारच्यांची काच असते. थोडा स्नो खाली राहिला तर राहू दे, वर मीठ टाका.

पेट्रोल ताजं. गेल्या मार्चचं टाकीत राहिलं असेल तर कार्बुरेटर चिकटलाच समजा. आणि चूटच्या आतून सिलिकॉन स्प्रे मारा, नसेल तर स्वयंपाकघरातला तेलाचा स्प्रे चालतो, मी ढोकळ्याच्या थाळीला मारायचा तोच पळवतो, ओला स्नो त्याने कमी चिकटतो.

सुरू करताना मशीन गॅरेजच्या बाहेर काढा, दार उघडं ठेवून आत चालू करायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही. मफलर घालू नका, लोंबतं काहीच नको, टोपी आणि गळ्यापर्यंत चेन लावलेलं जॅकेट. डोळ्यांना गॉगल घाला. दोन घरांमधून वारा नळीतून आल्यासारखा येतो, आपणच उडवलेला स्नो सरळ थोबाडात.

आता मुख्य भाग. पहिल्यांदा मला वाटलं होतं गॅरेजपासून निघायचं, चूट सरळ पुढे ठेवायची, रस्त्यापर्यंत ढकलत न्यायचं. असं केलं की काय होतं, मागचा स्नो पुढे पडतो, पुढचा त्याच्यावर, अर्ध्यात येईपर्यंत समोर कमरेएवढा ढीग आणि मशीन घुरघुरतंय. एकच स्नो तीनदा उचलतोय आपण. म्हणून बोळाचे मनातल्या मनात दोन भाग करा, मागचा अर्धा नि पुढचा अर्धा. मागच्या अर्ध्याचा स्नो मागच्या अंगणात जाणार, पुढच्या अर्ध्याचा पुढच्या लॉनवर.

पहिली फेरी मधोमध, गॅरेजकडून रस्त्याकडे, ही थोडी जड जाते, त्याला इलाज नाही, हळू चला, चूट सरळ आणि वरची झडप पूर्ण उचलून, म्हणजे जास्तीत जास्त लांब जाईल. भिंती संपून लॉन आलं की लगेच चूट आपल्या लॉनकडे वळवा. (आपल्या. शेजारच्यांच्या नाही. आणि रस्त्यावर तर नाहीच, न्यूयॉर्क राज्यात रस्त्यावर स्नो टाकायला बंदी आहे.) मग रस्त्याशी मशीन वळवा आणि मोकळ्या झालेल्या पट्टीतून ऑगर बंद ठेवून अर्ध्यापर्यंत परत या. तिथून ऑगर चालू करून शेजारची पट्टी कापत गॅरेजकडे जा, चूट मागच्या अंगणाकडे. गॅरेजशी वळा, रिकामे या अर्ध्यापर्यंत, आता तिथून रस्त्याकडे कापत जा. थोडक्यात रस्त्याकडे जाताना पुढचा अर्धा, गॅरेजकडे येताना मागचा अर्धा. चालणं जास्त होतं पण स्नो बहुतेक एकदाच उचलला जातो, मला पाऊण तास लागायचा तिथे आता पंचवीस मिनिटं लागतात.

भिंतीलगतची पट्टी शेवटी. मशीन भिंतीला चिकटवायचं नाही, आधी फावड्याने भिंतीकडचा फूटभर स्नो मध्ये ओढून घ्या आणि मग शेवटची फेरी मारा. इथेच ते सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे कोणी बघत नाही: आपल्याकडे फर्नेसचे, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचे, पांढरे पाइप, कपड्यांच्या ड्रायरचं भोक, गॅस मीटर सगळं याच साइडच्या भिंतीवर असतं, तुमच्याही आणि शेजारच्यांच्याही. फर्नेसचा पाइप स्नोने बुजला तर धूर घरात परततो. त्यामुळे त्या भिंतीच्या दिशेने चूट कधीच नको, आणि काम संपल्यावर फावडं घेऊन दोन्ही घरांचे पाइप एकदा मोकळे करून या. शेजारचे पोलिश आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांचे मीच करतो, ते ईस्टरला गोड ब्रेड आणून देतात, हिशोब फिटतो.

लॉनवर ढीग करताना नोव्हेंबरात आळस करू नका. सुरुवातीला झडप उंच ठेवून लॉनच्या पार पलीकडच्या टोकाला फेका, कारण कडेला पहिला ढीग लागला की पुढचा त्याच्यावरून उडवावा लागतो आणि जानेवारीपर्यंत ९ फुटांचा ड्राइव्हवे साडेसात फुटांचा होतो, गाडीचे आरसे दुमडून बाहेर निघायचं. रस्त्याच्या तोंडाशी ढीग कमरेच्या खाली ठेवा, नाहीतर गाडी मागे घेताना फुटपाथवरचं पोर दिसत नाही. फुटपाथही आपणच करायचाय, बफलोत सकाळी ९ च्या आत.

मोठं वादळ असेल तर सगळं थांबायची वाट बघू नका, दर ६ इंचांना एक चक्कर मारा. आणि अॅक्सिलरेटर नेहमी पूर्ण, कमी करायचा तो चालायचा वेग. ओल्या स्नोत लोक घाबरून इंजिनच हळू करतात, मग पंख्याला फेकायला जोर राहत नाही आणि चूट तुंबते. उलट इंजिन फुल आणि पट्टी अर्ध्या रुंदीची घ्या.

तुंबली तर? हात घालायचा नाही. इंजिन बंद केलं तरी हात घालायचा नाही, कारण अडकलेल्या गोळ्यामागे पंख्याला ताण बसलेला असतो आणि गोळा सुटला की पातं झटक्याने फिरतं, बोटं अशीच जातात. इंजिन बंद, चावी काढा, सगळं थांबू द्या, मग मशीनबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या काठीने ढोसा, ती हरवली असेल तर झाडूचा दांडा.

आणि प्लाउने, म्हणजे रस्त्यावरचा स्नो लोटणाऱ्या ट्रकने, ड्राइव्हवेच्या तोंडाशी केलेला बांध, हा वेगळाच प्राणी. रस्त्याचा स्नो, मीठ, चिखल, बर्फाचे धोंडे सगळं दाबून बसलेलं. यात मशीन घुसवून धडका मारू नका, एका वेळी अर्धीच रुंदी आणि गोगलगायीच्या वेगाने, फार उंच असेल तर फावड्याने वरचा थर आधी पाडा. धोंडा अडकला की ऑगरची शिअर पिन तुटते, तुटायलाच ठेवलेली असते ती, गिअरबॉक्स वाचावा म्हणून. खिशात चार पिना त्याच कंपनीच्या ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट बसवाल तर पुढच्या वेळी पिन नाही, गिअरबॉक्स तुटेल, आणि त्या पैशात नवीन मशीनचं अर्धं येतं.

या बांधाला एक युक्ती आहे. प्लाउ रस्त्याच्या उजव्या बाजूने येतो आणि स्नो उजवीकडे लोटतो. म्हणजे रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो आपल्या डावीकडून येतो. ड्राइव्हवेच्या डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेला आठ-दहा फूट लांब खिसा मोकळा करून ठेवा, प्लाउच्या पात्यावरचा माल त्या खिशात पडतो आणि आपल्या तोंडाशी कमी येतो. शेजारच्यांची हद्द लागत असेल तर आधी विचारा, बहुतेक हो म्हणतात, त्यांचाही फुटपाथ होऊन जातो.

छातीत जड वाटलं, डाव्या हातात कळ आली, विचित्र घाम आला तर मशीन तिथेच सोडून आत जा. ब्लोअर आहे म्हणजे कष्ट नाहीत असं नाही, बांधाशी झुंजताना दमछाक फावड्याएवढीच होते, त्यातून गारठ्याने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात.

सगळं झालं की लगेच बंद करू नका. रिकाम्या जागी ऑगर मिनिटभर फिरू द्या, आतला स्नो उडून जातो, मग ब्रशने चूट झाडा. असंच आत ठेवलं तर गाडीच्या इंजिनाच्या उबेने स्नो वितळतो, रात्री पंख्याशी गोठतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तुम्ही अंधारात हेअर ड्रायर घेऊन मशीनसमोर उकिडवे बसलेले असता, मी बसलोय.