जेलमधला धुरकट पट्टा आणि थंड करण्याचा वेग

डीएनए ओरिगामीच्या, म्हणजे डीएनएचा धागा दुमडून घडवलेल्या अतिसूक्ष्म आकारांच्या, आयताकृती तुकड्यांसाठी एम१३ विषाणूचा ७२४९ बेसचा (डीएनए साखळीतल्या घटकांचा) लांब धागा आणि त्याला जागोजागी दुमडून धरणारे छोटे स्टेपल धागे घेतले होते. मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवून तासाभरात खोलीच्या तापमानाला आणलं, की जेलवर (विजेच्या साहाय्याने डीएनए आकारानुसार वेगळा करणाऱ्या थरावर) स्वच्छ पट्ट्याऐवजी धुरकट ओघळ दिसायचा आणि बराच माल नमुना भरायच्या वरच्या खाचेतच अडकून राहायचा.

आधी स्टेपलचं प्रमाण तपासलं, मग मॅग्नेशियमचं. दोन्ही ठीक होतं. मग मिश्रणात सायबर ग्रीन हा रंग घालून रिअल-टाइम पीसीआर यंत्रात (तापमान बदलत चमक मोजणाऱ्या यंत्रात) ते हळूहळू थंड केलं. हा रंग दुपदरी डीएनएला चिकटला की चमकतो, त्यामुळे जोड्या कधी जुळतात ते थेट दिसतं. जवळपास सगळी जुळणी ५५ ते ५० अंशांच्या अरुंद टप्प्यात होत होती! त्याच्या वर धागे टिकून जोडले जात नाहीत; फार खाली चुकीच्या जोड्याही घट्ट बसतात आणि सुटून पुन्हा योग्य जागी जायला उष्णता पुरत नाही.

म्हणून ९५ वरून ६० पर्यंत झटपट उतरवलं, ६० ते ४५ दर तासाला एक अंश, आणि पुढे पुन्हा झटपट. पट्टा रेखीव आला, खाच रिकामी झाली. माझ्या मते एकूण वेळ वाढवण्यापेक्षा तो नेमक्या याच टप्प्यावर खर्च करावा.

रचना तयार झाल्यावर मात्र ती वितळायला जुळणीपेक्षा काही अंश जास्त तापमान लागतं, म्हणून हा टप्पा थंड होतानाच्या आलेखावरूनच ठरवा.