नामांकित चित्रपट निकालापूर्वी कसे पाहावेत

जानेवारीत ऑस्करची नामांकने जाहीर झाली की मुंबईतल्या काही चित्रपटगृहांत त्या चित्रपटांचे विशेष खेळ लागू लागतात. सोहळा साधारणपणे मार्चच्या सुमारास होतो, म्हणजे हाती जेमतेम दीड-दोन महिने असतात. हे चित्रपट पाहायचे असतील तर ते याच काळात पाहावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निकाल लागल्यावर विजेता चित्रपट आपण विजेता म्हणूनच पाहतो आणि उरलेल्यांकडे हरलेले म्हणून बघतो. निकालापूर्वी मात्र सर्व चित्रपट एका रांगेत उभे असतात आणि मत पूर्णपणे आपले असते.

जाहिरातीतले शब्द आधी नीट वाचावेत. ‘ऑस्करसाठी निवड’ असे लिहिलेला प्रत्येक चित्रपट नामांकित असतोच असे नाही. प्रत्येक देश आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी आपली एक अधिकृत प्रवेशिका पाठवतो, त्या सर्वांतून पंधरा चित्रपटांची लघुयादी निघते आणि त्या पंधरांतून पाच चित्रपटांना नामांकन मिळते. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे तिन्ही मराठी चित्रपट भारताच्या प्रवेशिका होते. त्यांचा आपल्याला अभिमान आहेच, पण त्यांना नामांकन मिळाले नव्हते. भारताने पाठवलेल्या चित्रपटांपैकी या विभागात शेवटच्या पाचांत पोहोचले ते ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ हे तीनच. हा भेद ठाऊक असला की आपण नेमके कशाचे तिकीट काढतो आहोत, हे कळते.

आता निवड. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागात अलीकडे दरवर्षी दहा नामांकने असतात. नोकरी, घर आणि लोकलचा प्रवास सांभाळून हे दहाही चित्रपट पडद्यावर पाहणे बहुतेकांना जमत नाही, आणि त्यातले चार इकडचे, दोन तिकडचे पाहून मत बनवणे मला पटत नाही. म्हणून विभाग एकच निवडावा, पण तो संपूर्ण पाहावा. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेही २०२५ मध्ये आपल्या सदस्यांसाठी असाच नियम केला: ज्या विभागात अंतिम मत द्यायचे, त्यातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. सदस्यांना जो नियम लागू आहे, तो प्रेक्षकाने स्वतःला लावून घ्यायला हरकत नसावी.

विभाग कोणता घ्यावा, तर ज्यातले आपल्याला काही कळते तो. आमच्या नात्यातल्या गिरगावच्या एक मावशी चाळीस वर्षे शिवणकाम करत आहेत. वेशभूषेसाठी नामांकन मिळालेला एक चित्रपट त्यांच्याबरोबर पाहिला, तेव्हा माझे लक्ष कथेकडे होते आणि त्यांचे नायकाच्या कोटाच्या बाहीकडे. पहिल्या भागात ती बाही कडक होती, पुढे कडेचा दोरा सुटत गेला आणि शेवटच्या प्रसंगात त्याच जागी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घातलेली टीप होती. त्या माणसाची खालावत गेलेली परिस्थिती एकाही संवादात सांगितलेली नव्हती. ती बाहीत होती आणि मावशींनी मध्यंतरात दाखवल्यावर मला दिसली. याच विभागात ‘गांधी’ चित्रपटासाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये पुरस्कार मिळाला आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. संगीताची किंवा ध्वनिमुद्रणाची आवड असलेल्याने ध्वनी विभाग घ्यावा. तो तर चित्रपटगृहातच पाहण्यासारखा आहे, कारण घरच्या टीव्हीवर पंख्याच्या आणि रस्त्याच्या आवाजात त्यातले निम्मे काम ऐकूच येत नाही.

पहिल्यांदाच हे करणाऱ्यांनी लघुपटांपासून सुरुवात करावी. अकादमीच्या नियमानुसार श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांपेक्षा मोठा नसलेला चित्रपट लघुपट मानला जातो. कथात्मक, अ‍ॅनिमेशन आणि माहितीपट असे त्यांचे तीन विभाग असून प्रत्येकात पाच नामांकने असतात. एखाद्या चित्रपटगृहाने किंवा फिल्म सोसायटीने हे पाचही लघुपट सलग दाखवले, तर एका बैठकीत पूर्ण विभाग पाहून होतो. अशा खेळाला छोटी वही अवश्य न्यावी. पाचवा लघुपट संपेपर्यंत पहिला पुसट झालेला असतो, म्हणून दोन लघुपटांमधल्या उजेडात प्रत्येकाविषयी एकच ओळ लिहावी. अधिक लिहायला गेल्यास पुढच्याची सुरुवात चुकते.

खेळांचा शोध मात्र एकाच ठिकाणी घेऊन भागत नाही. मल्टिप्लेक्सचे खेळ तिकिटांच्या अ‍ॅपवर दिसतात, पण १९६८ पासून काम करणाऱ्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांचे खेळ बहुधा सभासदांसाठी असतात आणि त्यांची माहिती सभासदांपर्यंतच पोहोचते. वर्षभरात चार चांगले चित्रपट पाहण्याचा विचार असेल, तर सभासदत्व घ्यावे. तेथे चित्रपटानंतर होणारी चर्चा हा माझ्या दृष्टीने मोठाच लाभ आहे.

तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: चित्रपटाची भाषा, प्रमाणपत्र आणि लांबी. प्रौढांसाठीच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मिळत नाही, मग ती आईवडिलांसोबत असली तरी. कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी म्हणूनच ओळखपत्र जवळ ठेवावे. लांबीचे उदाहरण सांगतो. २०२५ च्या नामांकनांतील ‘द ब्रूटलिस्ट’ हा चित्रपट पंधरा मिनिटांच्या मध्यंतरासह २१५ मिनिटांचा आहे. इतक्या लांबीचा चित्रपट रात्री नऊला सुरू झाला, तर जाहिराती धरून खेळ सुटेपर्यंत पाऊण वाजतो आणि चर्चगेटला किंवा सीएसएमटीला शेवटची गाडी मिळेलच याची खात्री राहत नाही. विरार, कल्याण किंवा पनवेलकडे राहणाऱ्यांनी लांब चित्रपटांसाठी दुपारचाच खेळ धरावा. रविवारी बाहेर पडण्यापूर्वी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून घ्यावे, कारण ब्लॉक बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो, म्हणजे सकाळच्या विशेष खेळाची येण्याजाण्याची वेळ नेमकी त्यात सापडते.

असे खेळ थोडे असतात आणि आरक्षण कमी झाले तर रद्दही होतात. दोन वर्षांपूर्वी एका उपनगरातील चित्रपटगृहाने खेळ रद्द केल्याचा संदेश मला गाडी परळला असताना मिळाला. पैसे परत आले, पण तो चित्रपट पुन्हा पडद्यावर लागला नाही. तेव्हापासून मी खेळाच्या दिवशी सकाळी चित्रपटगृहात फोन करून विचारतो आणि चार-पाच ओळखीच्यांना आधीच तिकिटे काढायला लावतो. आपल्याला हवा असलेला खेळ टिकावा, यासाठी प्रेक्षकाच्या हातात असलेला उपाय हाच.

आसनाच्या निवडीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि नेमका तेथेच परभाषेतील चित्रपटाचा रस जातो. सबटायटल्स पडद्याच्या तळाशी असतात. पुढच्या आसनावर उंच माणूस बसला की चित्र दिसते, पण खालची ओळ त्याच्या डोक्याआड जाते आणि तीन तास मान तिरकी करून निम्मी वाक्ये वाचावी लागतात. जेथे रांगांचा चढ कमी आहे, तेथे शक्यतो मधल्या वाटेलगतचे आसन घ्यावे, कारण तेथून थोडे बाजूला झुकता येते. रीगलसारख्या, १९३३ पासून उभ्या असलेल्या जुन्या चित्रपटगृहात जाणार असाल तर बाल्कनीचा विचार करावा. मात्र कोणत्याही बाल्कनीत अगदी पहिल्या रांगेत कठडा आड येतो का, हे तिकीटखिडकीवर विचारून घ्यावे आणि तसे असल्यास दुसरी-तिसरी रांग मागावी.

मत नोंदवण्याचे काम खेळ सुटल्यावर लगेच, शक्यतो चहा घेता घेता करावे. आम्ही नऊ जण दरवर्षी एक विभाग पूर्ण पाहतो आणि अकादमी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी जी पसंतीक्रमाची पद्धत वापरते, तीच चिठ्ठ्यांवर वापरतो. प्रत्येकाने सर्व चित्रपटांना क्रमांक द्यायचे. कोणाला निम्म्यांहून अधिक पहिली पसंती मिळाली, तर निर्णय झाला. तसे नसेल तर सर्वांत कमी पहिली पसंती मिळालेला चित्रपट बाद करून त्याच्या चिठ्ठ्या त्यांवरील पुढच्या पसंतीकडे वळवायच्या आणि बहुमत होईपर्यंत हेच करत राहायचे. एका वर्षी पहिल्या मोजणीत एका चित्रपटाला चार, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मते होती. तिसरा बाद झाला, त्याच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर दुसरी पसंती दुसऱ्या चित्रपटाला होती, आणि चार विरुद्ध पाच असा तो दुसरा चित्रपट जिंकला. पहिल्या चित्रपटाचे चाहते अर्थातच नाराज झाले, परंतु नऊ जणांपैकी अधिकांना मान्य होणारा चित्रपट कोणता, याचे उत्तर मिळाले. अकादमीच्या निकालांत दरवर्षी जो वाद होतो, त्यातला बराचसा भाग ही मोजणी एकदा स्वतः केल्यावर समजतो.

चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट चिकटवावे आणि वर तारीख लिहावी. लॉस एंजेलिसमधला रविवारचा सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे सुरू होतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार बहुधा सर्वांत शेवटी जाहीर होतो आणि तोवर सकाळचे आठ-नऊ वाजतात, तेव्हा आपल्या चिठ्ठ्यांची मोजणी आदल्या रात्रीच उरकून ठेवावी. सकाळी कार्यालयाची गाडी पकडायची असते.