सोसायटीच्या सभागृहात छंदवर्ग सुरू करताना

पुण्यातील गृहनिर्माण संस्थेत छंदवर्ग सुरू करावयाचा असल्यास प्रथम व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि मगच वेळापत्रक आखावे. ज्येष्ठांच्या भजनाला किंवा विणकामाला दुपारी 4 ची वेळ सोयीची पडते (त्याआधी पुणेकराची वामकुक्षी मोडण्याचे धाडस न केलेले बरे), मुलांची चित्रकला शाळेनंतर साडेपाचला, तर नोकरदारांची योगासने साडेसातनंतर ठेवावीत. तबल्याचा वर्ग मात्र विचारपूर्वक बसवावा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा असली, तरी शेजाऱ्यांची सहनशक्ती त्याच्या बरीच आधी संपते. गणेशोत्सवात वर्ग ओस पडतात, म्हणून त्या दिवसांची सुट्टी शुल्क घेतानाच सांगावी.