खानापुरी कौलावर बार्नेकल आणि कालवं कशी अभ्यासावीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची प्राणिशास्त्राची पोरं समुद्री प्राण्यांचा प्रकल्प म्हटला की पुस्तकातल्या आकृत्या काढून मोकळी होतात. मला ते पटत नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की वेंगुर्ला. शिवाय बार्नेकल (खडकाला चिकटलेला, कवचातला खेकड्याचा छोटा नातलग) आणि कालवं हे एका जागी चिकटून जगणारे प्राणी शोधत हिंडावं लागत नाही. बसायला जागा दिली की ते आपणहून येतात.

ही जागा म्हणजे बिनझिलईचं, खरबरीत खानापुरी कौल. कालवाची पिल्लं सोडवून घ्यायची असतील तर त्याला आधी चुना फासा. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीचं पाणी सगळ्यात खाली जातं. त्या दिवशी धक्क्यावर जा, पाणी कुठवर उतरतं ते बघा आणि धक्केवाल्याला विचारून त्याच्या हातभर खाली नायलॉनच्या दोरीनं कौल टांगा.

आता मुख्य गोष्ट. कौलांचे दोन संच लागतात. पहिल्यातलं कौल दर महिन्याला काढून नवं लावायचं. त्या महिन्यात कोणाची पिल्लं येऊन बसली ते त्यावरून कळतं. दुसऱ्या संचातली सगळी कौलं एकाच दिवशी टांगायची आणि महिन्याला एकेक काढायचं. ही वाढीची नोंद. एकाच कौलावर दोन्ही बघायला गेलात, तर बारकं बार्नेकल कालचं आहे की गर्दीत खुरटलेलं, हे सांगता येत नाही.

कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरच्या चौकोनातच मोजा. बार्नेकलच्या बुडाचा व्यास व्हर्नियरनं घ्या. खालची बाजू वेगळी मोजा, कारण वरच्या बाजूवर गाळ बसतो. पाण्याचं तापमान आणि क्षारताही दर खेपेला लिहा. उष्ण समुद्रात बरेच प्राणी जवळजवळ वर्षभर पिल्लं देतात, पण आपल्याकडे पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं आणि सगळं बदलतं. म्हणून सुरुवात ऑक्टोबरात करा.

प्रजननासाठी बार्नेकल बुडापासून अलगद उचकटा. आत अंड्यांचे पापुद्रे दिसतील: ताजे पिवळसर, पिकलेले करडे-तपकिरी. त्यांतून नॉप्लियस म्हणजे पोहणारं पिल्लू बाहेर पडतं, सहा अवस्था पार करतं आणि मग त्याचा सायप्रिड होतो, म्हणजे चिकटून बसायच्या आधीची शेवटची अवस्था. सायप्रिड काही खात नाही, फक्त जागा शोधतो, तीही स्वजातीयांच्या शेजारी. बार्नेकल उभयलिंगी असलं तरी फलनासाठी त्याला सहसा शेजारी लागतोच. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

घाट उतरायच्या आधी सराव हवा असेल तर मासळी बाजारातून हिरवे शिनाणे (शिंपल्यांचा एक प्रकार) आणून उघडा. पिकलेल्या मादीचं आतलं आवरण नारिंगी असतं, नराचं दुधी.

कौलं परत आणताना समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळा. वाटेत नळाचं पाणी शिंपडू नका. गोड्या पाण्यानं बार्नेकल झाकण मिटून घेतं आणि मग त्याची हालचाल बघायला मिळत नाही.