मालवणला पोरांची स्नॉर्कलिंग सहल नेताय? या चुका टाळा

स्नॉर्कलिंग म्हणजे डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघायचं. आमच्या मंडळाची पोरं घेऊन पहिल्यांदा मालवणला गेलो तेव्हा तारीख फक्त शाळेच्या सुट्ट्या बघून ठरवली. नेमकी पौर्णिमा निघाली. उधाणाच्या भरतीने तळाची रेती ढवळलेली, हात लांब केला तर बोटं दिसेनात, प्रवाळ तर लांबच राहिलं. दोन तास गढूळ पाण्यात डोकं घालून वीस पोरं परत आली.

तर पहिली चूक तीच, कॅलेंडर बघायचं पण तिथी नाही बघायची. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ कमी आणि गाळही खाली बसलेला. कोकणात भरतीचा ठोकळ हिशोब सोपाय, तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, अगदी सकाळचीच भरती मिळते आणि उधाणही नसतं. थोडंफार मागेपुढे होतं, म्हणून बोटवाल्याला आदल्या दिवशी विचाराच. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी धरा.

दुसरी चूक म्हणजे मास्क पहिल्यांदा थेट समुद्रात लावणे. पोरगं नाकाने श्वास घ्यायला बघतं, मास्क चिकटतो, घाबरून तोंड उघडतं आणि मग खारं पाणी. आम्ही आता आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या अंगणात धुणं भिजवायचा मोठा टब भरतो आणि एकेकाला तोंड बुडवून दोन मिनिटं नळीतून श्वास घ्यायला लावतो, नळीत पाणी गेलं की जोरात 'फू' करून उडवायचं, एवढं जमलं की निम्मी भीती तिथेच गेली. मास्कमध्ये पाणी येत असेल तर पट्टा आवळत बसू नका, बहुतेक वेळा कडेखाली केस अडकलेले असतात. काच धुरकट होते? आतून थुंकी फिरवा आणि खळबळून टाका. पोरी ईई करतात, पण उपाय हाच.

लाईफ जॅकेट पोहणाऱ्यालाही, यात चर्चा नको.

आता खरी गंमत. 'सर इथे तर नुसते दगड आहेत' असं कोणीतरी म्हणणारच, कारण पोरांच्या डोक्यात मोबाईलवरचे लाल-गुलाबी फोटो असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं प्रवाळ बरंचसं तपकिरी-हिरवट, कारण प्रवाळ म्हणजे दगड नाही, इवल्या जिवांची वसाहत, आणि त्या जिवांच्या अंगात शैवाल राहतं आणि तेच त्यांना अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. हे बोटीत बसायच्या आधी सांगा, नाहीतर पोरं खुशाल त्या 'दगडावर' उभी राहतात. गोल ढेकळासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतं, म्हणजे फुटबॉलएवढं दिसलं तर ते पोरांपेक्षा वयाने मोठं असू शकतं, हे सांगितलं की पाय आपोआप वर येतात.

मासे जमवायला पाव-बिस्किटं टाकू नका, कोणी टाकायला लागलं तर नको म्हणा. फोटो येतो, पण मासा प्रवाळावरचं शेवाळ खायचं सोडून पावामागे लागतो. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा फुल बाह्यांचा टीशर्ट घाला, तासभर पालथं तरंगून मान आणि पोटऱ्या सगळ्यात जास्त भाजतात.

आणि निघताना खिसे तपासा. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, मेलेला तुकडासुद्धा घरी न्यायचा नाही. गेल्या वेळी आमच्या एकाच्या मुठीत सापडला, बोटवाले काका शांतपणे म्हणाले, "जंय गावलो थंय टाक रे बाबा."