मोठी एक्सएमएल फाईल, रेंगाळणारी स्टाईलशीट: या चुका टाळा

बाजारातल्या आडत पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबांची, एक्सएमएल फाईल आम्ही एक्सएसएलटी स्टाईलशीटमधून काढतो; एक्सएमएलचं रूप बदलायचे नियम या स्टाईलशीटमध्ये असतात. फाईल २० एमबीची होती तेव्हा काम दोन मिनिटांत उरकायचं. संत्र्याचा हंगाम चढला, फाईल ४० एमबीवर गेली आणि तेच काम आठ मिनिटं घ्यायला लागलं. माल दुप्पट, वेळ चौपट. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात बसून मागच्या महिन्यात हेच निस्तरत होतो.

अशा वेळी पहिली चूक होते ती रॅम मागवायची. थांबा. आधी फाईल निम्मी कापून दोन्ही वेळा मोजा. दुप्पट फाईलला दुप्पट वेळ लागला तर चालण्यासारखं आहे. चौपट लागला तर स्टाईलशीट प्रत्येक नोंदीसाठी अख्खी फाईल पुन्हा चाळतेय असं समजा. नेमकं कुठलं टेम्प्लेट, म्हणजे स्टाईलशीटमधला कुठला नियम, वेळ खातंय ते स्टाईलशीट चालवणाऱ्या एक्सएसएलटीप्रॉक या प्रोसेसरमध्ये प्रोफाईल पर्याय लावला की दिसतं. सॅक्सन या दुसऱ्या प्रोसेसरमध्येही तशी सोय आहे. अंदाजाने कोड बदलत बसू नका.

आमच्याकडे दोषी निघाला डबल स्लॅश, म्हणजे अख्ख्या फाईलभर शोधायला लावणारी // ही खूण. फाईलमध्ये ४०,००० आडत पट्ट्या आणि ६,००० शेतकरी. पट्टीवर फक्त शेतकऱ्याचा क्रमांक, नाव शोधायला दर वेळी डबल स्लॅश. कळमन्याच्या बाजारात एका आडत्याचा गाळा गाठायला रोज फाटकापासून सगळे शेड पालथे घालावेत, तसं. नुसत्या क्रमांकांच्या तुलनाच २४ कोटी, शिवाय वाटेतला प्रत्येक नोड, म्हणजे फाईलमधला घटक, बघायचा तो वेगळाच.

यावर औषध एक्सएसएल-की, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची. स्टाईलशीटच्या सुरुवातीला की जाहीर करा: मॅचमध्ये शेतकरी, यूजमध्ये त्याचा क्रमांक. मग शोधायच्या जागी की फंक्शन वापरा. प्रोसेसर सूची एकदाच बांधतो. ही सोय एक्सएसएलटीच्या १९९९च्या पहिल्या, १.० आवृत्तीपासून आहे, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरही चालते. आमचं काम आठ मिनिटांवरून काही सेकंदांवर आलं.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. शेतकऱ्यांची यादी वेगळ्या फाईलमध्ये असेल तर की फंक्शन तिथे आपोआप पोचत नाही, चालू नोडच्याच फाईलमध्ये बघतं. एरर येत नाही, नावं नुसती कोरी येतात. १.० मध्ये फॉर-ईच ही आज्ञा लावून आधी त्या फाईलमध्ये शिरावं लागतं, २.० पासून तिसरा आर्ग्युमेंट देता येतो.

पट्टीच्या अनुक्रमांकासाठी मागची सगळी भावंडं, म्हणजे तिच्या आधीच्या सगळ्या पट्ट्या, दर वेळी मोजणं हीसुद्धा तीच चूक. ४०,००० पट्ट्यांना जवळपास ८० कोटी मोजण्या होतात. पोझिशन फंक्शन वापरा. मात्र टेम्प्लेट लावणाऱ्या अप्लाय-टेम्प्लेट्स या आज्ञेला सिलेक्ट देऊन पट्ट्याच निवडा, नाहीतर मधल्या रिकाम्या जागाही मोजल्या जातात.

सीपीयू निवांत आणि काम मात्र अडलेलं, असं दिसलं तर डीटीडी, म्हणजे एक्सएमएलची रचना सांगणारी फाईल, नेटवरून ओढली जातेय का ते बघा. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था तिच्याकडच्या डीटीडींच्या अशा मागण्यांना मुद्दाम उशिरा उत्तर देते. डीटीडी आपल्या मशीनवर उतरवून कॅटलॉगमध्ये, म्हणजे नेटवरच्या पत्त्याऐवजी कुठली फाईल घ्यायची ते सांगणाऱ्या यादीत, नोंदवा.

रॅम खरंच कमी पडते तेव्हा डिस्कवर स्वॅप, म्हणजे मेमरीतला माल डिस्कवर हलवणं, सुरू होतो. प्रोसेसर फाईलचं मेमरीत जे झाड उभं करतो ते फाईलच्या कितीतरी पट जागा घेतं. २०१७च्या ३.० आवृत्तीत स्ट्रीमिंग, म्हणजे फाईल पूर्ण मेमरीत न घेता वाचत जाणं, आहे, पण सॅक्सनमध्ये ते विकतच्या आवृत्तीतच मिळतं.

बदल केल्यावर जुनं आणि नवं आउटपुट डिफ, म्हणजे दोन फाईलींतला फरक दाखवणारं साधन, लावून ताडून बघा. आम्ही ताडलं तेव्हा एकाच क्रमांकावर दोन शेतकरी सापडले. १.० मध्ये पहिलंच नाव छापलं जायचं, म्हणून इतके दिवस कुणाला कळलंच नव्हतं.